पाचवी ब मधली शांतता

माझा वर्ग शांत असायचा.
साखर पेठेतल्या आमच्या शाळेत
हत्तुरे बाईंची शांतता प्रसिद्ध होती:
टेबलावर डस्टर एकदाच,
आणि त्रेपन्न तोंडं बंद,
वर पंखा तेवढा कुरकुरणारा.

भार्गव येमूल वाचायला उभा राहायचा.
पुस्तक हातात, बोट ओळीवर,
ओठ हलायचे नाहीत.
"अरे वाच की. काल तर येत होतं."
काल खरंच येत होतं.
प्रगतिपुस्तकात मी लिहिलं, 'हट्टी आहे',
लाल शाईनं.
खाली वंगणाचा डाग पडलेली सही आली.

मार्चमध्ये प्रशिक्षण लागलं. बेचाळीस अंश,
कूलर नुसता गरम वारं ढकलणारा,
मी शेवटच्या रांगेत पेपर तपासत बसलेले.
मणियार मॅडम फळ्यावर काढत होत्या
मेंदूतून निघून काळजावरून पोटात उतरणारी
एक वाकडी रेघ, व्हेगस नावाची नस.
म्हणाल्या, धोका आधी अंगाला कळतो,
डोक्याला नंतर.
काही मुलं पळतात, काही अंगावर येतात,
काही जागच्या जागी थिजतात.
आणि आपण त्याला काय म्हणतो?
माझं लाल पेन एका उत्तरावर थांबलं.
कुणाच्या, आठवत नाही.

मग म्हणाल्या, आता स्वतःचा जबडा बघा.
आम्ही साठ जण आधी हसलो.
माझा घट्ट होता.
कधीपासून कोण जाणे, बहुतेक डी.एड.पासून.

त्याच संध्याकाळी येमूलांकडे गेले.
पुढची खोली मागांची, मागची माणसांची.
टॉवेलचे चार माग, खटाखट खटाखट,
भिंत हलते, तांब्यातलं पाणी हलतं,
झोळीतलं पोर त्यात गाढ झोपलेलं.
आई विड्या वळत बोलत होती, ओरडूनच,
दुसरं काही ऐकूच येत नाही तिथं.
आणि भार्गव मागाच्या कडेला, पोत्यावर,
वाचत होता.
आवाज पोचत नव्हता माझ्यापर्यंत,
ओठ हलताना दिसत होते.

मग वीज गेली.

सगळं एकदम थांबलं.
आई बोलता बोलता गप्प.
त्याचे नान्ना मागावरून उठले,
खिसा चाचपत बाहेर पडले,
आणि पोरानं पुस्तक मिटून
खांदे कानांपर्यंत ओढून घेतले.
दाराकडं बघत राहिला.

ती शांतता मी ओळखली.
माझीच होती.

वीज आल्यावर आईनंच माग सांभाळला.
तुटलेला धागा चिमटीत धरून म्हणाली,
"ह्याला ओढायचं नसतं बाई, टोक शोधायचं."
मला लगेच उपमा सुचायला लागली.
सुचू दिली नाही. तिला अजून
सातशे विड्या वळायच्या होत्या.

आता वर्गात शिरण्याआधी दाराशी थांबते.
श्वास सोडते, लांब; घ्यायचा तो आपोआप घेतला जातो.
पोरं म्हणतात, बाई दमल्यात.
मग टेबलावर दोन बोटं, हळू,
खट खट, खट खट.
पहिल्या बाकावरची अल्फिया तसंच वाजवते,
मग तिची शेजारीण, मग खिडकीकडची रांग.
मुख्याध्यापक डोकावतात,
"काय चाललंय, हत्तुरे बाई?"
"वाचन, सर."

डस्टर अजून आहे. परवा हातात आलंही होतं,
वर उचललेलं, जबडा आवळलेला.
फळा पुसला त्यानं, पुसलेलाच होता तरी.

भार्गव कधी चार ओळी वाचतो, कधी एक.
लाल शाई खोडून जात नाही,
वर कागद चिकटवला तर खालून दिसते.
सोमवारी मी त्याला उभं करत नाही.
रविवारी माग बंद असतात.